पारदर्शक मायक्रोइमल्शनसाठी सर्फॅक्टंटची निवड: आधी तेल, मग तापमान, शेवटी जोडी

पाण्यासारखं निवळ दिसणारं, पण पोटात चार-पाच टक्के तेल सामावलेलं सौंदर्यप्रसाधन बनवायला घेतलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो: सर्फॅक्टंट, म्हणजे पाणीप्रिय डोकं आणि तेलप्रिय शेपटी असलेला, तेल पाण्यात धरून ठेवणारा घटक, कोणता घेऊ? खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. आधी तेल ठरवायचं. मग ते मिश्रण किती अंशांपासून किती अंशांपर्यंत निवळ राहायला हवं, ते ठरवायचं. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की पर्याय चार-पाचांवर येतात आणि बाकीचं काम कुप्या, वजनकाटा आणि थर्मामीटर करतात.

अशा निवळ मिश्रणाला मायक्रोइमल्शन म्हणतात. त्यात तेलाचे थेंब साधारण 10 ते 100 नॅनोमीटरचे असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर असल्यामुळे एवढे लहान थेंब प्रकाश फारसा विखुरत नाहीत आणि द्रव पारदर्शक दिसतो. थेंब वाढायला लागले की आधी निळसर छटा येते, मग धूसरपणा, मग दूध. पण खरी ओळख थेंबाच्या आकारात नाही, स्थैर्यात आहे. मायक्रोइमल्शन ऊष्मागतिकदृष्ट्या स्थिर असतं. म्हणजे घटक योग्य प्रमाणात एकत्र आले की ते आपणहून तयार होतं आणि तापमान व घटक तेच राहिले तर तसंच राहतं. नॅनोइमल्शनही निवळ दिसू शकतं, पण ते होमोजनायझरच्या (जोराने घुसळणाऱ्या यंत्राच्या) जोरावर किंवा एका ठरावीक क्रमाने ओतून मिळवलेलं असतं आणि हळूहळू बिघडत जातं. दोन्हींतला फरक ओळखायची सोपी कसोटी आहे. तोच फॉर्म्युला दोन कुप्यांत करा. एकीत तेल-सर्फॅक्टंटमध्ये पाणी घाला, दुसरीत पाण्यात तेल-सर्फॅक्टंट घाला. दोन्ही 60 अंशांपर्यंत गरम करून खोलीच्या तापमानाला आणा आणि एक दिवस ठेवा. दोन्ही सारख्याच निवळ झाल्या तर मायक्रोइमल्शन. एक निवळ आणि दुसरी दुधाळ राहिली तर ते नॅनोइमल्शन आहे, आणि पुढे सांगितलेली निवडीची पद्धत त्याला जशीच्या तशी लागू होणार नाही.

तेल: अर्धा निकाल इथेच लागतो

सर्फॅक्टंटचा थर तेलाच्या थेंबाभोवती खूप वाकायला हवा, तरच थेंब लहान राहतो. त्यासाठी तेलाचे रेणू सर्फॅक्टंटच्या शेपट्यांमध्ये थोडे शिरले पाहिजेत. लहान रेणू शिरतात, मोठे शिरत नाहीत. बदाम, तीळ, सूर्यफूल यांसारख्या तेलांतल्या ट्रायग्लिसराइडचा रेणुभार 870-880 च्या घरात असतो. म्हणून ही तेलं पारदर्शक पाण्यात बसवणं फार अवघड जातं आणि बसवलीच तर सर्फॅक्टंट बेसुमार लागतो. कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, म्हणजे बाजारातलं एमसीटी, 500 च्या आसपास आहे, तेही हट्टीच. त्यांच्या तुलनेत आयसोप्रोपिल मायरिस्टेट 270, डायकॅप्रिलिल इथर 242 आणि डायकॅप्रिलिल कार्बोनेट 286 ही तेलं बरीच समजूतदार. लेबलवर बदाम तेलाचं नाव हवंच असेल तर मुख्य तेल आयसोप्रोपिल मायरिस्टेटसारखं हलकं एस्टर ठेवून बदाम तेल त्याच्या दहाव्या हिश्शापुरतंच घालावं. पाच टक्के बदाम तेल, निवळ पाणी आणि चिकटपणा नको, या तिन्ही मागण्या एका बाटलीत पूर्ण होत नाहीत, हे ग्राहकाला सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

सुगंधी तेलांचा स्वभाव वेगळा. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं. तो शुद्ध हायड्रोकार्बन असल्यामुळे थेंबाच्या गाभ्यात बसतो आणि त्याला सर्फॅक्टंट जास्त लागतो. लॅव्हेंडरमधलं लिनालूल किंवा लवंगेतलं युजेनॉल यांच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट असतो. हे रेणू सर्फॅक्टंटच्या थरातच जाऊन बसतात आणि स्वतः थोडंफार को-सर्फॅक्टंटचं, म्हणजे सर्फॅक्टंटच्या मदतनिसाचं, काम करतात. त्यामुळे ‘सुगंधी तेलाच्या चौपट पॉलीसॉर्बेट’ असा एकच नियम सगळ्या तेलांना लावला की एक बाटली निवळ येते आणि दुसरी गढूळ.

सर्फॅक्टंटची पहिली यादी

एचएलबी हा सर्फॅक्टंट किती पाणीप्रिय आहे ते सांगणारा आकडा (जास्त म्हणजे पाणीप्रिय, कमी म्हणजे तेलप्रिय) पहिली चाळणी म्हणून वापरायचा, निकाल म्हणून नाही. तेल-पाण्यातल्या मायक्रोइमल्शनसाठी मुख्य सर्फॅक्टंट साधारण 12 ते 17 एचएलबीचा लागतो आणि त्याच्या जोडीला 4 ते 10 च्या दरम्यानचा दुसरा. एकटा सर्फॅक्टंट सहसा पुरत नाही, कारण फार पाणीप्रिय रेणू पाण्यातच रमतात आणि तेल आत घेत नाहीत. कमी एचएलबीचा जोडीदार थरात शिरून तेलाला जागा करून देतो.

पॉलीसॉर्बेट 20 चा एचएलबी 16.7 आहे. हलक्या सुगंधी तेलांना तो चालतो. पॉलीसॉर्बेट 80 चा 15. त्याची ओलिक शेपटी लांब आणि वाकडी असल्याने एस्टर आणि जड तेलांना तो जास्त मानवतो, पण चव-वास आणि पिवळटपणा सोबत आणतो. पेग-40 हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल सुगंध विरघळवण्यात सर्वांत भरवशाचा. खोलीच्या तापमानाला तो लापशीसारखा घट्ट असतो, म्हणून 40 अंशांपर्यंत कोमट करून घ्यावा लागतो. जोडीदारांत सॉर्बिटान लॉरेट 8.6, सॉर्बिटान ओलिएट 4.3, ग्लिसरिल ओलिएट आणि पॉलीग्लिसरिल डायओलिएट येतात.

पेगमुक्त, म्हणजे पॉलीइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या नसलेला, माल हवा असेल तर दोन कुटुंबं आहेत: पॉलीग्लिसरिल-4 कॅप्रेट, पॉलीग्लिसरिल-10 लॉरेट यांसारखे पॉलीग्लिसरॉल एस्टर, आणि डिसिल ग्लुकोसाइड, कॅप्रिलिल-कॅप्रिल ग्लुकोसाइड यांसारखे साखरेपासूनचे ग्लुकोसाइड. डायकॅप्रिलिल इथर, डिसिल ग्लुकोसाइड आणि ग्लिसरिल ओलिएट ही त्रयी इतकी चांगली जमते की ती तयार मायक्रोइमल्शन म्हणून शाम्पूत घालायला विकली जाते. ग्लुकोसाइड वापरताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. डिसिल ग्लुकोसाइड बाजारात साधारण 50 टक्के द्रावण म्हणून येतं, म्हणजे 10 ग्रॅम घेतलं तर खरा सर्फॅक्टंट 5 ग्रॅमच. शिवाय त्या द्रावणाचा पीएच 11.5-12 च्या घरात असतो. सायट्रिक आम्लाने तो 5-5.5 वर आणल्याशिवाय सोडियम बेंझोएट हा संरक्षक कामच करणार नाही.

को-सर्फॅक्टंट म्हणून औषधशास्त्राच्या शोधनिबंधांत ब्युटेनॉल दिसतो. सौंदर्यप्रसाधनात तो नको, वासही वाईट आणि त्वचेला त्रासही. प्रोपिलिन ग्लायकॉल, डायप्रोपिलिन ग्लायकॉल, 1,2-हेक्झेनडायॉल किंवा इथेनॉल वापरावं. हेक्झेनडायॉल थोड्या प्रमाणातही थर लवचीक करतो आणि जंतूंविरुद्धही मदत करतो. महाग आहे, पण पैसे वसूल होतात. फक्त अल्कोहोलच्या जोरावर निवळपणा आणला असेल तर पाणी वाढवताच अल्कोहोल थरातून पाण्यात निघून जातो आणि मिश्रण फुटतं, हे ध्यानात ठेवावं.

पहिली चाळण: किती तेल पेलतं

प्रत्येक सर्फॅक्टंटचं डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यातलं 10 टक्के द्रावण करा. 30 मिलीच्या काचेच्या कुपीत 10 ग्रॅम घ्या. काचेचीच कुपी हवी, कारण लिमोनिन पॉलीस्टायरीन विरघळवतं. कुपी वजनकाट्यावर ठेवून तेल 0.05 ग्रॅमच्या टप्प्यांनी घाला, दर वेळी हलक्या हाताने फिरवा आणि 10 मिनिटं थांबा. जोरात हलवलं तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि तो धूसरपणा खरा वाटतो. ज्या टप्प्यावर गढूळपणा टिकून राहिला, त्याच्या आधीचं वजन लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, कारण काही मिश्रणं रात्रीतून निवळतात. पाच-सहा सर्फॅक्टंटमधून सर्वांत जास्त तेल पेलणारे दोन निवडा. पण शेवटचा निकाल जोडीचा असतो, एकट्याचा नाही.

जोडीचं प्रमाण: गढूळपणा कोणत्या बाजूला येतो

निवडीतला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हा. नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेल्या) इथॉक्सिलेटच्या, म्हणजे पॉलीसॉर्बेटसारख्या पेग-साखळीच्या सर्फॅक्टंटच्या, डोक्याभोवती पाणी चिकटून असतं. तापमान वाढलं की ते पाणी सुटतं आणि सर्फॅक्टंट अधिक तेलप्रिय वागू लागतो. थंडीत उलटं होतं. म्हणून प्रत्येक निवळ मिश्रणाला तापमानाची एक खालची आणि एक वरची हद्द असते, आणि मधल्या पट्टीत ते निवळ राहतं. खालच्या हद्दीखाली थर जास्त वाकतो, थेंबात तेल मावत नाही आणि ते बाहेर फेकलं जातं. वरच्या हद्दीवर थेंब एकत्र येऊन गढूळपणा येतो. यातून निदान सरळ मिळतं:

थंड केल्यावर गढूळ, गरम केल्यावर निवळ, तर जोडी जास्त पाणीप्रिय आहे. कमी एचएलबीचा भाग वाढवा.

गरम केल्यावर गढूळ, थंड केल्यावर निवळ, तर जोडी जास्त तेलप्रिय आहे. जास्त एचएलबीचा भाग वाढवा.

दोन्ही बाजूंनी गढूळ आणि मधली पट्टी अरुंद, तर प्रमाण बरोबर आहे पण एकूण सर्फॅक्टंट कमी पडतो, किंवा तेल चुकीचं आहे.

उदाहरण म्हणून धुऊन टाकायच्या मेकअप-क्लीन्झरचा ढाचा घेऊ. 100 ग्रॅममध्ये आयसोप्रोपिल मायरिस्टेट 4, पॉलीसॉर्बेट 80 आणि सॉर्बिटान लॉरेट मिळून 20, प्रोपिलिन ग्लायकॉल 8, फिनॉक्सिइथेनॉल (संरक्षक) 0.8 आणि डीएम पाणी 67.2. यावर थेट बॅच करायची नाही. 20 ग्रॅमच्या पाच कुप्या करायच्या. प्रत्येकीत तेल 0.8, सर्फॅक्टंट एकूण 4, ग्लायकॉल 1.6, फिनॉक्सिइथेनॉल 0.16 आणि पाणी 13.44 ग्रॅम. बदलायचं फक्त जोडीचं प्रमाण (आधी पॉलीसॉर्बेट 80, मग सॉर्बिटान लॉरेट): 50:50, 60:40, 70:30, 80:20, 90:10. मिश्र एचएलबी वजनाच्या हिश्शाने काढतात. 50:50 चा 11.8, 70:30 चा 13.1, 90:10 चा 14.4.

पाणी सोडून बाकी सगळं 40 अंशांवर एकजीव करा, मग कोमट पाणी धारेने सोडा. कुप्या बर्फाच्या पाण्यात 5 अंशांवर न्या आणि वॉटर बाथमध्ये मिनिटाला एखादा अंश या गतीने 60 पर्यंत चढवा. कुपीमागे छापील मजकुराचा कागद धरा आणि अक्षरं स्पष्ट व्हायला लागली ते तापमान आणि पुन्हा धूसर झाली ते तापमान लिहा. पाच कुप्यांचे हे दहा आकडे कागदावर मांडले की प्रमाण आणि निवळ पट्टी यांचा नकाशाच तयार होतो. समजा एका कुपीची पट्टी 30 ते 55 आली, तर तिला खाली सरकवायला सॉर्बिटान लॉरेट दोन-तीन टक्क्यांनी वाढवून पुन्हा पाहायचं. पट्टीच हाती लागली नाही, तर आधी तेल बदलून पाहावं किंवा 4 वरून 3 टक्क्यांवर आणावं. सर्फॅक्टंट वाढवणं हा शेवटचा उपाय ठेवावा, कारण त्याची किंमत त्वचा मोजते.

पट्टी किती रुंद हवी? विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि बंद ट्रकमध्ये त्याहून जास्त. महाबळेश्वरला थंडीत तो एक आकडी होतो. म्हणून 5 ते 50 अंश हे लक्ष्य ठेवावं. वरची हद्द 42 असलेली बाटली मुंबईच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत वर्षभर सुंदर दिसेल आणि नागपूरच्या दुकानात दूध होईल.

ग्लुकोसाइडच्या जोडीवर तापमानाचा परिणाम फार कमी होतो. त्यामुळे तिथे तापमानाऐवजी प्रमाणाचा आरसा वापरायचा: ग्लिसरिल ओलिएट 0.1 टक्क्याच्या टप्प्याने बदलायचं. एकदा जमलं की पट्टी प्रचंड रुंद मिळते, हा ग्लुकोसाइडचा मोठा फायदा. सोडियम लॉरेथ सल्फेटसारख्या आयॉनिक (विद्युतभार असलेल्या) सर्फॅक्टंटचं वागणं उलट असतं, गरम केल्यावर ते अधिक पाणीप्रिय होतात. तिथे वरचं निदान उलटं वाचावं.

पाण्याचं टायट्रेशन

जोडी ठरली की तेल आणि सर्फॅक्टंट मिश्रण 1:9, 2:8, 3:7, 4:6 आणि 5:5 या प्रमाणांत, प्रत्येकी 2 ग्रॅम घ्या. 25 अंशांवर मॅग्नेटिक स्टररवर हळू ढवळत पाणी आधी 0.2 आणि पुढे 1 ग्रॅमच्या टप्प्यांनी 18 ग्रॅमपर्यंत घाला, म्हणजे 90 टक्के पाण्यापर्यंतचा प्रवास दिसतो. प्रत्येक टप्प्यावर निवळ, धूसर, दुधाळ की जेल, ते लिहा. मध्यावर, बहुधा 30 ते 60 टक्के पाण्याच्या दरम्यान, मिश्रण एकदम घट्ट होतं. हे द्रवस्फटिक आहेत. दोन पोलरायझर फिल्म आडव्या-उभ्या धरून मध्ये कुपी ठेवली तर ते चमकतात, मायक्रोइमल्शन मात्र काळंच दिसतं. 2:8 ची रेघ 90 टक्के पाण्यापर्यंत निवळ राहिली तर हवं तिथे थांबायची मुभा मिळते. 1:9 शिवाय काहीच निवळ राहत नसेल तर त्या जोडीवर अजून काम बाकी आहे.

साध्या सुगंधी मिस्टला एवढा खटाटोप लागत नाही. लॅव्हेंडर तेल 0.3 ग्रॅम आणि कोमट पेग-40 हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल 0.9 ग्रॅमपासून सुरू करा, आधी दोन्ही एकजीव करा आणि मगच 100 ग्रॅमपर्यंत पाणी हळूहळू घाला. धूसर राहिलं तर पुढच्या कुपीत सर्फॅक्टंट 1.2, मग 1.5. तेल थेट पाण्यात टाकून वरून सर्फॅक्टंट घातलं की निवळायला तासन् तास लागतात.

बाकीचे घटक पट्टी हलवतात

निवळ मिश्रणात शेवटी सुगंध घातला आणि सगळं गढूळ झालं, हा या कामातला नेहमीचा अपघात. मीठ, सोडियम सायट्रेट, सोडियम पीसीए हे पाण्यातले क्षार नॉन-आयॉनिक सर्फॅक्टंटसाठी तापमान वाढवल्यासारखे वागतात, म्हणजे वरची हद्द खाली येते. ग्लिसरीनही त्याच दिशेने ढकलतं. इथेनॉल उलट दिशेने, हद्द वर. फिनॉक्सिइथेनॉल, लिनालूल आणि बरेचसे सुगंधी घटक थरात शिरून त्याला तेलप्रिय करतात, त्यामुळे तेही वरची हद्द खाली आणतात. म्हणून पट्टी मोजायची ती सगळे घटक घालून, अगदी रंगासकट. पूर्ण फॉर्म्युल्याची पट्टी खाली सरकली असेल तर वर दिलेलं निदान तिथेही चालतं: जास्त एचएलबीचा भाग वाढवा.

संरक्षकाकडे वेगळं लक्ष हवं. पॉलीसॉर्बेटच्या मायसेलमध्ये (रेणूंच्या झुबक्यांमध्ये) पॅराबेन हे संरक्षक शिरून अडकतात आणि पाण्यात, जिथे जंतू वाढतात तिथे, कमी उरतात. फिनॉक्सिइथेनॉलचंही काही प्रमाणात तेच होतं आणि त्याची मर्यादा 1 टक्का आहे, तेव्हा मनात आलं म्हणून वाढवता येत नाही. पीएच 5.5 च्या खाली ठेवून सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेटची जोड, किंवा 1,2-हेक्झेनडायॉल, असा आधार द्यावा आणि अंतिम फॉर्म्युल्यावर जंतूंचं आव्हान-परीक्षण (मुद्दाम जंतू घालून ते मरतात का याची चाचणी) करून घ्यावंच. माल दिसायला निवळ आहे म्हणजे तो जंतूमुक्त आहे, असं नाही.

दाटपणासाठी कार्बोमर घेऊ नये. आम्लधर्मी पीएचला तो पेगच्या साखळ्यांना चिकटतो आणि निवळपणा जातो. 0.5 ते 1 टक्का हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज बहुधा जमून जातं.

त्वचेसाठी एक मर्यादा मनाशी बांधून घ्यावी. धुऊन टाकायच्या मालात 15-20 टक्के सर्फॅक्टंट चालून जातो. लावून ठेवायच्या मालात 3-5 टक्क्यांच्या वर जायचं तर सबळ कारण हवं, कारण तेच सर्फॅक्टंट त्वचेचे स्निग्ध पदार्थ सैल करतात आणि हाताला चिकट लागतात. मायक्रोइमल्शनमुळे घटक त्वचेत जास्त शिरतात, यात सुगंधातले ॲलर्जी आणणारे घटकही आले. तेव्हा सुगंधाचं प्रमाण इफ्राच्या (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या) मर्यादेच्या बरंच खाली ठेवावं. भारतात विकायचा माल असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स 2020 आणि आयएस 4707 या भारतीय मानकाच्या घटक-याद्या फॉर्म्युला पक्का होण्याआधीच तपासाव्यात, लेबल छापताना नव्हे.

बॅच आणि नंतर

मोठ्या भांड्यात जेलचा टप्पा त्रास देतो. पाणी तेल-सर्फॅक्टंटमध्ये घालत गेलं की मिश्रण मध्ये घट्ट होऊन ढवळणीभोवती गोळा होतं. दोन उपाय आहेत: 45-50 अंशांवर काम करायचं, म्हणजे जेल सैल राहतं, किंवा मिश्रण बारीक धारेने पाण्यात सोडायचं. मायक्रोइमल्शन असल्याने शेवट दोन्हीकडे सारखाच होतो. ढवळणी हळू फिरवावी. फेस झाला तर एक रात्र झाकून ठेवल्याशिवाय निवळपणाचा निर्णय देऊ नये.

चाचणीसाठी नमुने 5, 25 आणि 45 अंशांवर तीन महिने ठेवा, शिवाय उणे 10 आणि 25 अंशांमधली पाच चक्रं करा. गोठून गढूळ झालेलं मायक्रोइमल्शन खोलीच्या तापमानाला आपोआप निवळायला हवं. निवळलं नाही तर एखादा घटक स्फटिक होऊन बसला आहे किंवा ते मायक्रोइमल्शनच नव्हतं. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर अर्धा तास सेंट्रिफ्यूज केल्यावर वर तेलाचा तवंग आला तर तीही तीच खूण.

काही महिन्यांनी पीएच उतरतो आणि वास खवट होतो, तो पॉलीसॉर्बेटच्या पेग-साखळीचं ऑक्सिडीकरण होऊन पेरॉक्साइड बनल्यामुळे. ड्रम उघडल्यावर नायट्रोजन भरून किंवा निदान गच्च बंद करून अंधारात ठेवावा आणि फॉर्म्युल्यात 0.05 टक्का बीएचटी किंवा टोकोफेरॉल हे ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य घालावं.

सर्फॅक्टंटचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो, कारण इथॉक्सिलेशनमध्ये साखळ्यांची लांबी एकसारखी येत नाही. नवा ड्रम आला की 20 ग्रॅमची एक कुपी जुन्या फॉर्म्युल्याने करून पट्टीच्या दोन्ही हद्दी मोजाव्यात. जुन्या लॉटपेक्षा 5 अंशांहून जास्त फरक पडला तर जोडीचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी सरकवून पट्टी पूर्वीच्या जागी आणावी आणि मगच त्या ड्रममधून बॅच काढावी.